चौऱ्याहत्तर रुपयांचा सुतार

कैद्यांनी केलेल्या वस्तू विकणाऱ्या कारागृहाच्या दिवाळी मेळ्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतीलच. फीत होती, कात्री होती, कात्रीसाठी मखमली तबक होतं.

माल उत्तम होता, हे आधी सांगून टाकतो. एक सागवानी चौरंग मी उलटा करून पाहिला. खालच्या बाजूनेही रंधा फिरवलेला, सांध्यात कुठे लांबी भरलेली नाही. बाहेरचा सुतार ती बाजू तशीच सोडतो, कारण तिचे पैसे त्याला कोणी देत नाही. किमतीची चिठ्ठी वाचून शेजारच्या बाई खुशीत म्हणाल्या, "बाहेर दुप्पट घेतात हो, नुसते लुटतात!" लुटमारीची शिक्षा भोगणारे भिंतीच्या आत, आणि लुटारू ठरला तो बाहेरचा सुतार.

हा बाहेरचा सुतार पुण्यात रोजचे हजार रुपये घेतल्याशिवाय येत नाही. शिवाय गाळ्याचं भाडं आणि व्यापारी दराचं वीजबिल त्याच्या डोक्यावर. आतल्या सुताराचा हिशेब सुटसुटीत आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कैद्यांची मजुरी वाढली, तेव्हा कुशल कारागिराचे दिवसाचे ६७ रुपये ७४ झाले आणि अकुशलाचे ४८ रुपये ५३. शेडचं भाडं नाही, आणि सक्तमजुरीची शिक्षा असलेल्याला 'आज येत नाही' म्हणायची सोय नाही. असा कामगार मिळाला तर चौरंग मीही स्वस्तात विकीन.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अहो, पुनर्वसन आहे ते! हातात हुन्नर येतो, उद्या सुटल्यावर पोट भरेल.' हे म्हणताना माणसाचा चेहरा सत्यनारायणाचा प्रसाद घेतल्यासारखा होतो. ठीक आहे, सुटला. पाच वर्षं रंधा मारून हात बसलेला माणूस फाटकाबाहेर आला. आता जायचं कुठे? गल्लीतल्या सुताराकडे? त्याला शेजारच्या शाळेच्या बाकांची ऑर्डर मिळायची, ती कारागृह उद्योगाकडे गेली. हाताखाली आहे त्याच पोराला तो कसाबसा पोसतोय. मग फर्निचरच्या कारखान्यात? तिथे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आधी मागतात. बरं, घरोघरी जाऊन कामं घ्यावीत? मेळ्यातून चौरंग नेलेल्या त्याच बाईंच्या सोसायटीत वॉचमन विचारणार, 'आधी कुठे काम करत होतास?' खरं सांगितलं तर फाटकातूनच परत. कैद्याने केलेला चौरंग देवघरात चालतो, चौरंग करणारा जिन्यातही चालत नाही. आणि समजा एखाद्या भल्या माणसाने त्याला घरात घेतलंच आणि त्याने हजार रुपये रोज सांगितला, तर? 'लुटतात नुसते!'

'त्यांच्या जेवणाखाणाचा खर्च सरकार करतंच की' आणि 'विक्री असते केवढीशी' ही आणखी दोन उत्तरं. पहिल्याला थोडा अर्थ आहे, दुसऱ्यावर मी शाई घालवत नाही.

कैद्यांच्या मजुरीचा हा प्रश्न आज उपटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं, की सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेता येईल, पण त्याला न्याय्य मजुरी द्या. तिच्यातून जेवणाखाणाचा वाजवी खर्च कापा, आणि एक हिस्सा गुन्ह्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढा. म्हणजे खर्च कापायची वाटही दाखवली होती. मात्र त्यासाठी आधी कापण्याजोगी मजुरी हवी. बाहेरच्या कामगाराचं म्हणाल तर अमेरिकेत कारखानदार आणि कामगार संघटना, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, तुरुंगातल्या स्वस्त मालाविरुद्ध एकत्र आले आणि १९३५ मध्ये त्याच्या आंतरराज्य व्यापारावर कायद्याने बंधनं आली. आपल्याकडचा सुतार संघटना काढायला जाईल तर त्या दिवसाचा रोज बुडेल.

म्हणून तुरुंगातले कारखाने बंद करा, असं मी म्हणणार नाही. बंद कोठडीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा रंधा बरा. पण मजुरी वाढवा. ती वाढली तर चौरंग महाग होईल, मग मेळ्याला गर्दी होणार नाही, मग फीत कापायला कोणी येणार नाही. हा शेवटचा तोटा सोसायची माझी तयारी आहे.

तोवर कारागृह विभागाने एक करावं. वस्तूच्या चिठ्ठीवर किंमत असतेच, तिच्याखाली ती वस्तू करणाऱ्याची दिवसाची मजुरी छापावी, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि वाचकहो, मेळ्यात जरूर जा, चौरंगही घ्या. फक्त पुढच्या वेळी कपाटाचं बिजागर बसवायला सुतार घरी येईल, तेव्हा त्याच्याशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालू नका.