मादी ‘आपोआप’ होत नाही

महिला दिनाला व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो: गर्भात आपण सगळे आधी स्त्रीच असतो, पुरुष नंतर होतो. पाठवणाऱ्याला गौरव करायचा असतो. याच वाक्याची दुसरी बाजू मी एका पशुपालक मेळाव्यात ऐकली. सेक्स्ड सीमेनच्या, म्हणजे लिंगानुसार निवडलेल्या वीर्याच्या, कांड्यांची माहिती देता देता वक्ते म्हणाले, “गोऱ्हा व्हायला वाय लागतो. कालवड काय, काही नाही आलं की होतेच!” मांडवात हशा पिकला. गौरव असो की थट्टा, तळाशी समजूत एकच: नर घडवावा लागतो, मादी नुसती उरते.

ही समजूत ॲरिस्टॉटलइतकी जुनी आहे. उष्णता कमी पडली की मादी होते, असे तो मानायचा. विसाव्या शतकाने उष्णतेच्या जागी गुणसूत्र आणले. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी दाखवलेले वाय गुणसूत्र, १९५९ मध्ये सस्तन प्राण्यांतल्या वायचे महत्त्व, १९९० मध्ये त्यावरचे वृषण घडवणारे एसआरवाय जनुक. हा प्रवास शालेय पुस्तकांतही सापडतो आणि त्यावर वाद नाही. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, हे गोठ्यातले जुने शहाणपण. फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये त्याचे कारण जुळ्यांच्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांत दाखवले. तिथेही कर्ता नर आणि सोसणारी मादी, अशीच मांडणी पक्की होत गेली.

खरी गफलत झाली ती १९४७ च्या सशांपाशी.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी सशिणीच्या पोटातल्या गर्भांच्या जननग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. हात किती हलका असेल! गर्भ नर असो वा मादी, पुढे प्रत्येकाच्या अंगात मादीच्या जननमार्गाची रचना होती. यावरून वृषण दोन गोष्टी करते हे कळले: एका स्रावाने नराच्या नळ्या टिकवते, दुसऱ्याने मादीच्या नळ्या जिरवते. निष्कर्ष भक्कम होता आणि आजही आहे.

पण जोस्त यांचा प्रयोग नळ्यांबद्दल होता. ग्रंथी तर त्यांनी काढूनच टाकल्या होत्या. वृषण गेलेल्या नर गर्भात गर्भाशय आले, अंडाशय आले नाही. अंडाशय कसे घडते, हा प्रश्न त्या टेबलावर नव्हताच. वाचणाऱ्यांनी मात्र नळ्यांचे उत्तर ग्रंथीला चिकटवले: वृषणासाठी हुकूम लागतो, अंडाशय आपोआप होते. जे विचारलेच नव्हते, ते घडतच नाही असे धरले गेले. मग वृषण घडवणाऱ्या जनुकाचा शोध जोरात सुरू झाला आणि अंडाशय घडवणारे काही असेल का, हा प्रश्न मागे पडला. १९८६ मध्ये इव्हा आयकर आणि लिंडा वॉशबर्न यांनी स्पष्ट बजावले की अंडाशय घडणे हेही जनुकांनी चालवलेले कामच आहे. फार थोड्यांनी कान दिला.

उत्तर आले शेळीकडून. भुंड्या बोकडाशी भुंडी शेळी लावली की काही पिल्ले धड नर ना धड मादी निपजतात, हे युरोपातल्या शेळीपालकांना ठाऊक होते. शिंगे नसणे आणि हा दोष यांचा संबंध ॲस्डेल यांनी १९४४ मध्येच सुचवला होता. २००१ मध्ये फ्रेंच संशोधकांना अशा शेळ्यांच्या गुणसूत्रात ११.७ किलोबेसचा तुकडा गहाळ सापडला. त्यात वाय कुठेच नव्हता. त्या तुकड्याअभावी अंडाशयातले फॉक्सएल२ हे जनुक गप्प बसत होते. २०१४ मध्ये शेळीत केवळ तेच जनुक निकामी केले, तर दोन एक्स असलेल्या गर्भात, एसआरवाय नसताना, वृषणे तयार झाली. म्हणजे मादीचा हुकूम काढून घेतला आणि नर ‘उरला’.

उंदराने इथे बराच काळ चकवले, कारण त्याच्या गर्भात हेच जनुक काढूनही अंडाशयाचे वृषण होत नाही. पण २००९ मध्ये प्रौढ मादी उंदराच्या अंडाशयातून ते काढल्यावर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या. तयार अंडाशयही रोज राखावे लागते. नळ्यांचा किल्लाही पुरता शाबूत राहिला नाही: नराच्या नळ्या मादी गर्भात नुसत्या सुकून जात नाहीत, त्या हटवायला वेगळे प्रथिन राबते, हे उंदरांतच २०१७ मध्ये दिसले.

म्हणून तो संदेश गौरवाचा असला तरी चूक आहे. सुरुवातीला गर्भापाशी दोन्ही नळ्या असतात आणि ग्रंथी दोन्हीकडे वळू शकते. तिथे आधी कोणी स्त्री नसते, पुरुषही नसतो. मेळाव्यातल्या वक्त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: कांडीतल्या एक्समुळे कालवडीची शक्यता वाढते हे खरे, पण पुढे गाईच्या पोटात ती कालवड घडवली जाते. ‘काही नाही आलं की होतेच’ म्हणताना तुम्ही जोस्त यांचा ससा सांगता. भुंडी शेळी मात्र विसरता.