‘होत नाही’ आणि ‘देत नाही’

घरातला प्रिंटर अडला की आपण दोन प्रकारे बोलतो. "प्रिंट होत नाही" किंवा "प्रिंट देत नाही". बोलण्याच्या ओघात दोन्हींचा अर्थ एकच धरला जातो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर मात्र हा घोळ कुणी करणार नाही. आटलेली म्हैस वेगळी आणि पान्हा चोरणारी म्हैस वेगळी. पहिलीकडे दूधच नाही. दुसरीकडे आहे, पण ती देत नाही. दोघींवरचे उपायही वेगळे.

यंत्रांच्या बाबतीत हा फरक आपण विसरलो आहोत आणि त्याची किंमत मोजतो आहोत, असं मला वाटतं.

आधी ‘होत नाही’ बघू. वायफायवरचा प्रिंटर अचानक ‘ऑफलाइन’ दिसायला लागतो. प्रिंटरचा दिवा चालू असतो, कागद भरलेला असतो, तरी कॉम्प्युटर म्हणतो की तो जागेवर नाही. बऱ्याचदा कारण साधं असतं. लाईट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. भाडेकरूने खोली बदलली आणि पोस्टमनला कुणी सांगितलं नाही, तसं. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की प्रश्न मिटतो.

दुसरा नेहमीचा प्रकार स्पूलरचा. छापायला दिलेली कागदपत्रं विंडोज आधी रांगेत लावतं. त्यातली एखादी फाईल खराब निघाली की मागची सगळी रांग तुंबते. प्रिंट स्पूलर थांबवायचा, रांगेच्या फोल्डरमधल्या फाईली काढून टाकायच्या, स्पूलर पुन्हा सुरू करायचा. पाच मिनिटांचं काम.

या दोन्ही अडचणींत कुणाचाच हेतू नाही. म्हणून मनस्ताप झाला तरी अपमान वाटत नाही.

आता ‘देत नाही’. आम्ही राजारामपुरीत राहतो. आई घरीच लहान मुलांची शिकवणी घेते आणि दर रविवारी त्यांच्या सरावपत्रिका छापते. गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रिंटरने छापणं बंद केलं आणि निरोप दाखवला: शाई शोषणाऱ्या पॅडची मुदत संपली आहे, सेवा केंद्राशी संपर्क साधा. शाई होती, कागद होता, आदल्या दिवशीची छपाई स्वच्छ होती.

त्यामागची यंत्रणा अशी. इंकजेट प्रिंटर स्वतःचं हेड साफ करताना थोडी शाई बाहेर सोडतो. ती आत बसवलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जिरते. पॅड किती भिजलं हे आमचा प्रिंटर तपासत नाही. किती शाई सोडली याचा अंदाजे हिशेब ठेवतो आणि ठरलेला आकडा आला की थांबतो.

गल्लीतल्या मेकॅनिकने मशीन उघडलं. पॅड अर्धंही भिजलेलं नव्हतं. तरी त्याने नवं पॅड घातलं, लॅपटॉप जोडला आणि एकदाच चालणारी, विकत घेतलेली किल्ली टाकून आकडा शून्यावर आणला.

"बिघडलं काय होतं मग?" आईने विचारलं.

"काय बिघडलं नव्हतं काकू," तो म्हणाला. "आकडा भरला होता."

न बिघडलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही दिले. खरं तर ती दुरुस्ती नव्हतीच, ती परवानगी होती. आपण विकत घेतलेल्या वस्तूला आपलंच काम करू देण्याची परवानगी.

हा प्रश्न नवा नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद अडकायचा. तिथे रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रॅमर होता. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने बदल केला होता: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा आणि कुणीतरी उठून जायचं. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड कंपनीने दिलाच नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्याने नाही म्हटलं, कारण कोड कुणाला देणार नाही असं वचन तो देऊन बसला होता. कागद अडकणं हा बिघाड होता, हा मात्र नकार होता. स्टॉलमनच्या मनात तो रुतून बसला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या गाभ्यातलं लिनक्स याच चळवळीतून आलेल्या परवान्याखाली आहे.

पुढे नकार अधिक हुशार झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिज एकाएकी नाकारायला सुरुवात केली, कारण फर्मवेअरमध्ये तशी सोय करून ठेवली होती. ओरड झाल्यावर कंपनीने नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली आणि ती अट काढणारं अपडेट दिलं. २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा कार्ट्रिज विकलं की पेटंटच्या जोरावर कंपनी पुढच्या वापरावर बंधन घालू शकत नाही. पण कोर्टाने कायद्याची दोरी सोडली तरी चिपचं कुलूप आपोआप उघडत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे जास्त खुपावं असं मला वाटतं. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा चित्रपट कॅमेरा तयार केला. ते नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. विष्णुपंत दामल्यांसारखा सहकारी सोबतीला होता. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. दाते, चाकं, भिंग, पट्टी असा तो जमाना. उघडलं की यंत्र आपलं गुपित दाखवायचं आणि ज्याला डोळे होते त्याला ते शिकवायचं. शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांत पुढे कित्येक पोरं अशीच, खोलून आणि जोडून, तयार झाली. आजचं यंत्र उघडलं तरी गप्प राहतं, कारण नकार चिपमध्ये लिहिलेला असतो आणि चिपला पाना लागत नाही.

म्हणून प्रत्येक नकार वाईट का? तसं नाही. पॅड खरोखर ओसंडलं तर शाई टेबलावर येईल, हे खरं आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर फट सापडली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार सक्तीचे केले. अनेक कार्यालयांत छपाई खोळंबली. पण नकार कुणाचा, का, आणि जोखीम पत्करून तो उठवायचा असेल तर कसा, हे सगळं उघडपणे लिहिलेलं होतं. असा नकार मला मान्य आहे. आमचा प्रिंटरही म्हणू शकला असता: ‘माझ्या अंदाजाने पॅड भरलं असावं, बघा, बदला आणि हे बटण दाबा.’ बटण दिलं नाही, तिथे सुरक्षेचं कारण संपलं आणि मालकी सुरू झाली.

ही सवय प्रिंटरपुरती राहिली असती तर मी इतकं लिहिलं नसतं. रेशन दुकानात कष्टाने झिजलेल्या बोटांच्या आजीला सांगितलं जातं, "मशीन अंगठा घेत नाही." ॲप म्हणतं, "काहीतरी चुकलं." या वाक्यांना कर्ताच नाही. आजीला वाटतं, दोष आपल्या अंगठ्याचा. अंगठा जुळला नाही तर पुढे काय करायचं, हे कुणीतरी माणसाने ठरवलेलं असतं किंवा ठरवायचं टाळलेलं असतं. ‘होत नाही’ म्हटलं की तो माणूस सुटतो आणि समोरचा खाली मान घालून परत जातो.

बिघाडाशी धीराने वागावं, त्यात राग कामाचा नाही. नकाराला मात्र कर्ता शोधून द्यावा. यंत्र अडलं की आधी केबल बघा, राउटर बघा, रांग बघा. सगळं ठीक निघालं, तर प्रश्न बदला. काय होत नाही हे विचारून झालं, आता विचारा: कोण देत नाही?