पॅक एकट्याचा, फाईल गावाची

तिवसा तालुक्यातल्या खेड्यांत नेट म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलचा पॅक. रोज दीड-दोन जीबी मिळतो आणि उरलेला रात्री बारा वाजता बाद होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारे लोक रोजच्या जीबीला सरावले. रात्री बाद होणारी वस्तू कोण जपेल? ती संपवण्याकडेच कल जातो.

अडचण कामाच्या वेळी कळते. कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने २० एमबीचं पाठ्यपुस्तक उतरायला चाळीस मिनिटांहून अधिक लागतात, तेही रेंज टिकली तर. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. २०२१ पासून कपाशी-सोयाबीनची नोंदही ई-पीक पाहणीच्या ॲपवर करावी लागते. शेतीची आणि शिक्षणाची कागदपत्रं आता या डेटातूनच घरी येतात, म्हणून त्याचा हिशेब ठेवायला हवा.

तो जातो कुठे? पन्नास जणांच्या ग्रुपवर कोणी २० एमबीचा व्हिडिओ टाकला आणि सगळ्यांचं ऑटो डाउनलोड चालू असलं, तर गावाचा एक जीबी गेला. पाहिला किती जणांनी, हा प्रश्न वेगळाच. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर आपोआप उतरणं बंद करावं, ॲपचे अपडेट वायफायवर ठेवावेत. काय उतरवायचं हे मग आपण ठरवतो.

एवढ्यावर थांबू नये. याच तालुक्यात तुकडोजी महाराजांचं मोझरीचं गुरुकुंज आहे. त्यांनी ग्रामगीतेत सगळा विचार गावाला धरून केला. डेटाचाही तसा करता येतो. पॅक ज्याचा त्याचा असतो, पण उतरवलेली फाईल दिल्याने कमी होत नाही. एकाने बालभारतीचं पुस्तक उतरवलं की ब्लूटूथ किंवा क्विक शेअरने ते शेजारच्या फोनमध्ये जातं आणि डेटा मुळीच लागत नाही. शाळेच्या संगणकावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची माहितीपत्रकं एकदाच साठवली, तर गाव वर्षभर ती वापरील. सातबारा, आधार यांसारखे खाजगी कागद मात्र आपल्याच फोनमध्ये राहावेत.

काटकसरीचा सगळा भार गरिबावर टाकणं मात्र अन्याय ठरेल. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. भारतनेटची जोडणी ज्या ग्रामपंचायतीत पोहोचली आहे, तिथे ती संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावी आणि जिथे पोहोचली नाही, तिथे ती मागावी. हे दोन्ही ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडता येतील.