एक खेळ, निराळें मोल

‘भाव एकच’ अशी पाटी ज्या दुकानावर असते त्या दुकानाबद्दल आपणांस सहजच विश्वास वाटतो. गिऱ्हाइकाचा पोशाख पाहून भाव सांगणारा दुकानदार लबाड ठरतो, आणि राव व रंक या दोघांनाही एकच आंकडा सांगणारा सचोटीचा ठरतो. एका वस्तूची एकच किंमत हा बाजाराचा न्याय आपल्या मनांत इतका मुरलेला आहे कीं, त्याची तपासणी करण्याची गरज क्वचितच भासते. परंतु जिला वजन नाहीं, जी कोठारांत सांठवावी लागत नाहीं, आणि जिची एक प्रत विकली म्हणून दुसऱ्याच्या वांट्याची प्रत कमी होत नाहीं, अशी वस्तु बाजारांत आली म्हणजे हा न्याय डळमळूं लागतो. घरांतील तरुण मंडळी इंटरनेटवरून जे व्हिडिओ गेम विकत घेतात ते अशा वस्तूचें ठळक उदाहरण होय. त्यांच्या किंमतींचा प्रश्न वरवर पोरकट दिसला, तरी त्याच्या पोटांत न्यायाचा एक जुना व बिकट प्रश्न दडलेला आहे.

वस्तुस्थिति थोडक्यांत अशी. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेली ‘स्टीम’ ही संगणकावरील खेळांची एक मोठी ऑनलाइन पेढी आहे. येथें घेणाऱ्याच्या हातीं तबकडी पडत नाहीं. त्याला खेळण्याची परवानगी तेवढी मिळते. निरनिराळ्या देशांतील गिऱ्हाइकांना ही पेढी निरनिराळे भाव सांगते. भारतीयांना २०१५ च्या नोव्हेंबरपासून ते रुपयांत दिसूं लागले. कोणत्या देशांत काय किंमत ठेवावी हें कंपनी सुचविते आणि गेमचे प्रकाशक अखेरचा निर्णय घेतात. परिणामीं एकच गेम अमेरिकनास एका भावानें व भारतीयास पुष्कळदां त्याहून कमी भावानें मिळतो. हा भेद न्याय्य आहे काय?

जुनें नीतिशास्त्र याला सहजासहजीं मान्यता देणार नाहीं. कौटिल्यानें व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा घातली: स्वदेशी मालावर शेंकडा ५, परदेशी मालावर शेंकडा १०. म्हणजे मालाला खर्च काय आला हें आधीं पाहावयाचें आणि त्यावर माफक नफा ठेवून किंमत ठरवावयाची. घेणाऱ्याची ऐपत तेथें विचारांतच येत नाहीं. १३ व्या शतकांतील युरोपीय तत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस याचें म्हणणें असें कीं, वस्तु हातची गेल्यानें विकणाऱ्याचें नुकसान होत असेल तर त्यानें त्याची भरपाई मागावी. परंतु केवळ घेणाऱ्याला तिचा फायदा अधिक आहे एवढ्यावरून भाव वाढवूं नये. ती निकड घेणाऱ्याची आहे, आणि जें आपलें नाहीं तें विकण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

धान्याच्या व कापडाच्या बाबतींत हा विचार बिनतोड आहे. गेमची गोष्ट निराळी पडते. मोठा गेम तयार करण्यास शेंकडों माणसांची कित्येक वर्षांची मेहनत लागते; परंतु एकदां तो तयार झाला म्हणजे त्याची दहा लाखावी प्रत काढण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. मग एका प्रतीची रास्त किंमत खर्चावरून काढावयाची कशी? एकंदर खर्च भरून निघाला पाहिजे एवढेंच काय तें निश्चित. म्हणजे येथें प्रश्न देवघेवीचा कमी आणि भार वांटून घेण्याचा अधिक आहे. आणि ॲरिस्टॉटलनें दाखविल्याप्रमाणें देवघेवीचा न्याय व वांटणीचा न्याय हे एक नव्हेत. देवघेवींत बरोबरी पाहावयाची असते, वांटणींत प्रमाण पाहावयाचें असतें.

प्रमाण पाहूं लागलों कीं समान किंमतीची समानता किती फसवी आहे तें दिसून येतें. ६० डॉलर ही मोठ्या गेमची किंमत अमेरिकेंत अनेक वर्षें रूढ होती. तेथील संघराज्याच्या कायद्याप्रमाणें किमान मजुरी २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे ही रक्कम एका दिवसाहून थोड्याशा अधिक श्रमाची झाली. महाराष्ट्रांत २०२४-२५ सालीं रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या मापानें तेच ६० डॉलर, म्हणजे सुमारें ५,००० रुपये, १७ दिवसांच्या श्रमाचे होतात. रोजगार हमीवरचा मजूर गेम घेत नाहीं हें खरें. परंतु दोन देशांतील श्रमाच्या मोलांत अंतर किती आहे, हें त्याच्याच मजुरीवरून कळतें. ज्याला आपण ‘भाव एकच’ म्हणतों तो श्रमाच्या भाषेंत मुळींच एक नसतो.

तेव्हां गरीब देशाला कमी भाव लावणें अन्याय्य नाहीं. परंतु म्हणून विकणाऱ्याला दाता समजण्याचें कारण नाहीं. अर्थशास्त्रज्ञ पिगू यानें १९२० सालींच या प्रकाराची मीमांसा केली आहे: गिऱ्हाइकांचे गट पाडावे आणि प्रत्येक गटाकडून त्याला पेलेल तेवढें घ्यावें, यांत विकणाऱ्याचाच लाभ असतो. हेंच हत्यार उलटेंही चालतें. संगणक, सॉफ्टवेअर व गेम यांच्यासाठीं आपणांस इतरांहून अधिक दाम मोजावे लागतात या ऑस्ट्रेलियन लोकांच्या तक्रारीची तेथील पार्लमेंटच्या समितीनें चौकशी केली; तिच्या २०१३ च्या अहवालांत ती तक्रार खरी ठरली. येथें अक्वायनसचा नियम पुन्हां उपयोगीं पडतो. स्वतःच्या देशांत जो भाव पुरेसा आहे असें विक्रेता स्वतःच मानतो, त्याहून दुर्बळांस कमी सांगणें ही सवलत. दुसऱ्याला अन्यत्र जातां येत नाहीं म्हणून त्याहून अधिक सांगणें ही पिळवणूक. दोहोंना एकच नांव देऊन एकत्र निषेध करणें किंवा एकत्र समर्थन करणें, दोन्ही सारखेंच चूक.

आतां आपल्या घरांतील प्रश्नाकडे येऊं. पुण्याहून म्यूनिकला नोकरीस गेलेला तरुण आपलें भारतांतील जुनें खातें तसेंच चालू ठेवतो, आणि वडिलांच्या कार्डानें रुपयांच्या भावांत गेम घेतो. स्टीमच्या करारांत वास्तव्याचें ठिकाण लपवून दुसऱ्या देशाच्या भावानें खरेदी करण्यास मनाई आहे. तो म्हणतो, “माझ्या एका प्रतीनें कंपनीचें काय बुडालें? कंपनी तरी कोठें धर्म करीत आहे? आणि शेवटीं मी भारतीयच ना?”

तिसरें उत्तर आधीं पाहूं, कारण त्यांत कांहीं तथ्याचा भास आहे. वेरूळची लेणीं पाहण्यास, २०१८ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें, भारतीयास ४० रुपये व परदेशीयास ६०० रुपये पडतात. हाच तरुण सुटींत वेरूळास गेला तर ४० रुपयांचें तिकीट त्यानें खुशाल घ्यावें. तीं लेणीं या राष्ट्राचा ठेवा आहेत, त्यांची निगा येथील जनतेच्या पैशानें होते, आणि तेथें कसोटी नागरिकत्वाची आहे. गेमची सवलत रक्ताला किंवा पारपत्राला दिलेली नाहीं. ती येथील मिळकतीकडे पाहून दिलेली आहे. जो युरोंत कमावतो त्यानें रुपयांतील दारिद्र्यावर हक्क सांगणें शोभत नाहीं. कंपनीचा हेतु स्वार्थी आहे, हेंही उत्तर लंगडें आहे. देणाऱ्याचा हेतु अशुद्ध असल्यानें घेणाऱ्याचें खोटें बोलणें शुद्ध होत नाहीं. राहिली एका प्रतीची गोष्ट. कंपनीचें त्यानें फारसें बुडत नाहीं, हें मान्य. बुडतें तें निराळ्याच माणसाचें.

तें कोणाचें, हें अर्जेंटिना व तुर्कस्तान यांच्या उदाहरणावरून समजतें. या देशांत किंमती फार कमी असत, आणि परदेशांतील अनेक लोक तेथील रहिवासी असल्याचा बहाणा करून खरेदी करीत. २०२१ सालीं कंपनीनें खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदांच बदलतां येईल असें बंधन घातलें. २०२२ च्या ऑक्टोबरांत या दोन्ही देशांसाठीं सुचविलेले भाव कित्येक पटींनीं वाढविले, आणि २० नोव्हेंबर २०२३ पासून पेसो व लिरा हीं नाणीं सोडून तेथें डॉलरचे दर सुरू केले. कंपनीनें कारण दिलें तें विनिमयदराच्या अस्थिरतेचें, आणि दोन्ही देशांतील महागाई पाहतां तें खोटें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या सवलतीचा लाभ भलतेच लोक उठवितात ती टिकवून धरण्याची उमेद कोणत्या विक्रेत्याला राहील? नाणें घसरलें यांत ब्वेनोस आयरिसमधील विद्यार्थ्याचा दोष नव्हता. त्याच्या नांवावर दुसऱ्यांनीं माल नेला यांतही नव्हता. किंमत मात्र त्यालाच मोजावी लागली.

देशाची सीमा हें ऐपतीचें माप ओबडधोबड आहे, हें मला मान्य आहे. मलबार हिलवरील श्रीमंताचा मुलगा शिकागोंतील पहारेकऱ्याच्या मुलापेक्षां कमी दाम देतो. याहून चांगलें माप सांपडलें तर अवश्य घ्यावें, आणि तोंपर्यंत विक्रेत्यांकडून भावांतील भेदाचा उघड हिशेब मागावा. परंतु माप ओबडधोबड आहे म्हणून जो दुसऱ्याच्या मापानें आपली पायली भरून घेतो, तो तें माप सुधारीत नसतो. सवलत ही विहिरीसारखी आहे. तिचा मालक कोण व त्यानें ती कोणत्या हेतूनें खणली, हे प्रश्न दुय्यम होत. ज्याच्या घरीं नळ आहे त्यानें तेथें घागर घेऊन रांगेंत उभें राहूं नये, एवढें समजण्यास नीतिशास्त्राचा मोठा ग्रंथ लागत नाहीं.