महानिवडुंगांचे वन आणि फलाशेचा प्रश्न

कर्म करावे, पण फळाची आशा धरू नये, हा उपदेश आपल्या घरांतून इतक्या वेळा कानी पडतो की त्यातील अडचण आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. अडचण अशी की, शेतकरी पेरतो तो पिकासाठी आणि आई मुलाला शिकविते ती तो शहाणा व्हावा म्हणून. फळ मनातून अजिबात काढून टाकले तर पेरणी कोणत्या नक्षत्रावर करावी, हेदेखील ठरविता येणार नाही. आणि फळ मनात ठेवले तर मग ते कर्म निष्काम कसे? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या प्रश्नाचा लोकसंग्रहाच्या अंगाने विस्तृत विचार आहे, ज्यांना शास्त्रार्थ हवा त्यांनी तेथेच जावे. प्रस्तुत लेखाचा हेतू अगदी मर्यादित आहे. अमेरिकेतील एका वाळवंटी उद्यानाची हकीकत पाहू गेल्यास हा प्रश्न पोथीतून उठून प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. तो कसा, एवढेच सांगावयाचे आहे.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुले-सुना, लेकी-जावई अमेरिकेत स्थायिक झाले आहेत आणि वडीलधारी मंडळी मधूनमधून त्यांच्याकडे जाऊन राहतात. ज्यांचे बिऱ्हाड ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी आहे त्यांना तेथून सुमारे १८० किलोमीटरवरील टूसॉन या गावी सहज जाता येते. या गावाच्या पूर्वेस एक व पश्चिमेस एक अशा दोन तुकड्यांत ‘सग्वारो राष्ट्रीय उद्यान’ पसरले आहे. लिहिताना सग्वारो, तोंडाने मात्र तेथील लोक ‘सवारो’ असेच काहीसे म्हणतात. वाळवंट म्हटले की आपल्या मनात वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. येथे तसे काही नाही. खडकाळ उतार, झुडपे, काटे, आणि त्या सर्वांच्या वर मान काढून उभे असलेले हजारो हिरवे खांब. कोणी एकटाच सरळ, कोणाला दोन हात, कोणाला सात-आठ. संध्याकाळच्या वेळी ही सभा पाहून प्रथमदर्शनी मनुष्य गप्पच होतो.

ज्याला आपण कुंपणावरचा फड्या निवडुंग म्हणतो तो मूळचा अमेरिकेचाच पाहुणा, आणि हा सग्वारो त्याच कुळातील. परंतु दोहोंत साम्य काट्यांपुरतेच. सग्वारो जगात केवळ सोनोरा नावाच्या वाळवंटात, म्हणजे ॲरिझोना, त्याला लागून असलेला मेक्सिकोचा मुलूख व कॅलिफोर्नियाची थोडी कड, एवढ्याच टापूत उगवतो. पुरी वाढ झालेले झाड चाळीस-पन्नास फूट उंच व सहा टन किंवा त्याहूनही अधिक वजनाचे असते. त्याच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या पेटीच्या भात्याप्रमाणे उलगडतात व आत पाणी साठते, आणि दुष्काळात पुन्हा मिटतात. मुळे जेमतेम चार-सहा इंच खोल, पण झाड जेवढे उंच तेवढी चहूकडे पसरलेली, कारण तेथला पाऊस जमिनीत खोल उतरण्याइतका बहुधा पडतच नाही. सुतार पक्षी त्याला भोक पाडून घर करतो, तेव्हा झाड त्या जखमेभोवती लाकडासारखी टणक खोळ धरते. सुताराने घर सोडले की तेथे चिमणीएवढे घुबड राहावयास येते. झाड मरून कुजून गेल्यावरही ती खोळ जमिनीवर शाबूत सापडते.

आता त्याच्या आयुष्याचा हिशेब पहावा, कारण आपला प्रश्न या हिशेबातच दडलेला आहे. मे-जूनच्या रात्री त्याची पांढरी फुले उमलतात व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात; तेवढ्या वेळात वटवाघळे, पारवे व मधमाशा परागवहनाचे काम उरकतात. एका फळात सुमारे दोन हजार बिया, आणि जन्मभरात एका झाडाच्या मिळून सुमारे चार कोटी. त्यांतून मोठे झाड होण्याचे भाग्य अगदी मोजक्यांच्याच वाट्याला येते. जे बी रुजते ते दहा वर्षांत दीड इंच वाढले तरी पुष्कळ झाले. पहिले फूल पस्तिशीच्या सुमारास. पहिला हात फुटावयास पन्नास ते पंचाहत्तर वर्षे, आणि कोरड्या जागी त्याहूनही अधिक. सव्वाशे वर्षांचा झाला म्हणजे तो प्रौढ समजला जातो, व दीडशे ते दोनशे वर्षांनी त्याचे आयुष्य संपते. आपल्यापैकी एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या जन्मवर्षी जे रोप रुजले असेल त्याला आज हात फुटला असेल किंवा नसेलही.

आणि ही पहिली वर्षे तो उघड्यावर काढू शकत नाही. बहुतेक रोपे वाचतात ती पालो व्हर्दे नावाच्या हिरव्या सालीच्या झाडाखाली, किंवा आपल्याकडील वेड्या बाभळीच्या गोतातल्या मेस्कीट झाडाखाली. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ अशा झाडाला दाईची उपमा देतात. दाई उन्हापासून सावली देते, थंडीच्या रात्री ऊब धरून ठेवते, गुरांच्या व उंदरांच्या दृष्टीआड रोप लपविते. पुढे सग्वारो मोठा झाला की उथळ मुळांनी पावसाचे पाणी आधीच पिऊन घेतो आणि दाई पुष्कळदा त्याच्या आधी वाळून जाते. यात कृतघ्नपणा पाहणे म्हणजे आपले दोष बिचाऱ्या वनस्पतीवर लादणे होय. तथापि उघड्यावर एकटा उभा असलेला महानिवडुंग पाहणाऱ्याला त्याच्या पायाशी एके काळी दुसरे झाड होते, याची कल्पनाही येत नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या वनाचे रक्षण व्हावे म्हणून ॲरिझोना विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष व वनस्पतिशास्त्रज्ञ होमर शांट्झ यांनी खटपट केली. पुढे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी १ मार्च १९३३ रोजी, म्हणजे त्यांच्या कारकीर्दीचे अवघे तीन दिवस उरले असता, टूसॉनच्या पूर्वेकडील वनास राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. १९६१ साली पश्चिमेकडील भाग त्यास जोडला गेला व १९९४ साली दोहोंचे मिळून राष्ट्रीय उद्यान झाले. एवढे वाचून कोणासही वाटेल की १९३३ साली काम फत्ते झाले. वस्तुस्थिती निराळी होती.

ज्या जागेचे रक्षण केले ते तेथील प्रचंड, जुन्या, दिसावयास भव्य अशा झाडांमुळे. परंतु त्या वनातील दाईवृक्ष १९ व्या शतकाच्या अखेरीपासून सरपणासाठी तोडले जात होते. चुनखडी भाजण्याच्या भट्ट्यांचे अवशेष उद्यानात आजही पहावयास मिळतात. त्यातच गुरे मोकळी चरत होती, आणि गुरे झाडांच्या सावलीतच बसतात, म्हणजे नेमकी रोपांच्या डोक्यावर. स्मारक घोषित झाल्यावरही चराई चालूच राहिली. ती पुरती बंद झाली १९७९ साली. दरम्यान १९३७ च्या कडाक्याच्या थंडीने पुष्कळ वृद्ध झाडांना इजा झाली व ती एकामागून एक कोसळू लागली. १९४० च्या दशकात हा एखादा संसर्गजन्य रोग असावा अशा समजुतीने सडलेली झाडे तोडून पुरण्याचाही उपाय करून पाहिला. पुढे असे दिसून आले की सडणे हा बहुतांशी परिणाम होता, मूळ कारण गारठा व वार्धक्य. वृद्ध मरतात यात नवल ते काय? नवल हे की त्यांच्या मागे कोणीच नव्हते. जमीन राखली, झाडे राखली, पण पुढल्या पिढीला सावलीच राहिली नव्हती.

या इतिहासावर आज टीका करणे फार सोपे आहे, म्हणून ती थोडी आवरती घ्यावी. जे भव्य आहे तेच डोळ्यांत भरते, हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्याही देवस्थानांतून कळसासाठी देणगीदार लगेच पुढे येतो, आणि पाठशाळेतल्या विद्यार्थ्याच्या जेवणाचा खर्च उचलणारा शोधावा लागतो. कळस नको असे कोणी म्हणत नाही. पण भक्ती एखाद्या गोष्टीच्या पूर्णावस्थेवरच जडली असेल तर ती त्या गोष्टीची भक्ती की आपल्या डोळ्यांना मिळणाऱ्या सुखाची, असे विचारण्याचा हक्क कोणासही आहे. याच वृत्तीचे अगदी उघडेनागडे रूप म्हणजे सग्वारोची चोरी. शंभर वर्षे थांबण्यास तयार नसलेले लोक मोठे झाड चोरून खणून नेतात आणि बंगल्याच्या आवारात लावून घेतात. तेव्हा उद्यानाला काही झाडांच्या अंगात ओळख पटविणारी सूक्ष्म विद्युत्-खूण बसवावी लागली आहे. फलाशा हा शब्द समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. येथे फळ हवे आहे. त्याचे वाढणे, त्याची दाई, त्याचा काळ यांपैकी काहीही नको आहे.

मग फळ टाकून द्यावे काय? येथे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांकडे पहावे. तोहोनो ओओधाम नावाचे लोक या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत व सग्वारोला ते माणसांतच गणतात. जूनच्या अखेरीस, जेव्हा दुसरे काहीही पिकत नाही, तेव्हा त्याची तांबडी फळे पिकतात आणि त्या तोडणीपासून त्यांचे नवे वर्ष सुरू होते. फळे काढावयाची लांब काठी मेलेल्या सग्वारोच्या फासळ्यांची असते. फळांचा रस आटवून पाक करतात, आणि त्यातूनच केलेले पेय पावसाला बोलावण्याच्या विधीत प्राशन करतात. गर काढून घेतल्यावर फळाचे टरफल आतली तांबडी बाजू आकाशाकडे करून जमिनीवर ठेवण्याची चाल आहे, तीही पावसासाठीच. उद्यानाच्या पश्चिम भागात या परंपरेने फळे काढण्यास आजही मुभा आहे. हे लोक फळाचा त्याग करीत नाहीत. ते ते आनंदाने खातात आणि खाता खाता पुढल्या पावसाची, म्हणजे पुढल्या रोपाची, आठवण ठेवतात. तेव्हा दोष फळात नाही, फळाच्या इच्छेतही नाही. ‘ते माझ्याच हाती पडावे’ या हट्टात आहे. हे सांगावयास सोपे आहे; आचरणात त्याची कसोटी कोठे लागते ते याच उद्यानात पुढे दिसते.

चराई थांबल्यावर व काही वर्षे पाऊस चांगला झाल्यावर पुष्कळ नवी रोपे धरली. आज तेथे दिसणाऱ्या तरुण झाडांत त्यांचाच भरणा आहे. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अवर्षण लांबले, आणि त्यानंतर रुजलेली रोपे फारच थोडी आढळतात. फिनिक्स येथे २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस उष्णतामान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि त्या शहरातील कित्येक सग्वारो उभ्याचे कोसळले. त्यात भर अंजन गवताची. हे आपल्या देशातही चाऱ्यासाठी लावले जाणारे, आफ्रिकेपासून हिंदुस्थानपर्यंत आढळणारे गवत अमेरिकेत २० व्या शतकात चाऱ्यासाठी व जमिनीची धूप थांबविण्यासाठी नेले गेले. तेथे ते डोंगरउतारांवर माजले असून वाळले की पेट घेते, आणि सग्वारोला आग सोसत नाही. त्यांचा फड्या निवडुंग आपल्या बांधावर आणि हे गवत त्यांच्या डोंगरावर. माणसाच्या हौसेची देवाणघेवाण कशी फळते पहा.

या गवताचे ठोंब स्वयंसेवक हिवाळ्यात डोंगरावर चढून पहारीने उपटतात. त्यांत सेवानिवृत्त वृद्ध स्त्रीपुरुष पुष्कळ. ज्या रोपाला ते जागा करून देत आहेत त्याला हात फुटलेला पाहण्याचा त्यांना संभव नाही, हे उघडच आहे. पण त्याहून कठीण गोष्ट ही की तो फुटेलच अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. उष्मा असाच वाढत राहिला तर रोप वाचणारही नाही. आपण न पाहिलेले फळ दुसरा पाहील, एवढे समाधान आपल्या आजोबांना आंबा लावताना होते. येथे तेही नाही.

अशा स्थितीत निष्काम या शब्दाचा जो अर्थ आपण सैलपणे करतो, की झाले ते झाले, नाही झाले ते ईश्वराची इच्छा, तो लागू पडतो काय? मला वाटते, मुळीच नाही. कारण याच उद्यानात १९९० पासून दर दहा वर्षांनी सग्वारोची शिरगणती होते. ठराविक तुकड्यांतील प्रत्येक झाड, प्रत्येक बारके रोप शोधून त्याची उंची मोजतात, आणि त्यातही स्वयंसेवकच पुष्कळ असतात. जो फळाविषयी उदासीन आहे तो मोजणी कशाला करील? ज्याला फळ स्वतःसाठी हवे आहे तोही करणार नाही, कारण त्याला त्यातून काहीच मिळावयाचे नाही. मोजणारा मनुष्य या दोघांहून वेगळा तिसराच आहे. त्याला फळाची उत्कट काळजी आहे, मात्र त्यात त्याचा वाटा नाही. माझ्या मते फलाशारहित कर्माचा अर्थ लावताना आपल्या प्रवचनांतून हा तिसरा मनुष्य पुष्कळदा निसटतो, आणि वैराग्याच्या नावाखाली निष्काळजीपणाला मान मिळतो.

ज्यांना हे वन पाहण्याचा योग येईल त्यांनी हिवाळ्यात किंवा फुलांसाठी मेच्या सकाळी जावे. भर उन्हाळ्याच्या दुपारी वृद्धांनी व मुलांनी तेथे जाऊ नये. मोठ्या झाडांची छायाचित्रे घेऊन झाली म्हणजे पायवाटेवरूनच एखाद्या पालो व्हर्देच्या बुंध्याशी वाकून पहावे. नजर बसावयास वेळ लागतो. फांद्यांच्या जाळीत बोटाच्या पेराएवढा काटेरी हिरवा गोळा कदाचित दिसेल. त्याचे वय दहा वर्षांचे असू शकते. त्याला हात लावू नये, आणि अधिक जवळून पाहण्यासाठी वाट सोडून आतही शिरू नये, कारण त्याच्या शेजारचे दुसरे रोप पाय पडेपर्यंत दिसत नाही.