मुठीत मावेल एवढे

टेनिसमध्ये आघाडी राखून वेळ काढता येत नाही. घड्याळ संपले म्हणून कुणी जिंकत नाही. शेवटचा गुण घ्यावाच लागतो, आणि नेमका तेव्हाच हात जड होतो. हरताना माणूस मोकळा खेळतो. मनाची परीक्षा जिंकत आल्यावर असते.

१९९३च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे होती. ५-१ व्हायला एकच गुण हवा होता. तिथे तिच्याकडून डबल फॉल्ट झाला. त्यानंतर एकही गेम तिला मिळाला नाही. पाच वर्षांनी तिने तेच विजेतेपद मिळवले. लोकांना मात्र पहिल्या वेळचे अश्रू आठवतात.

सर्व्हिस हा एकच फटका असा, की त्यात समोरच्याचा हात नसतो. चेंडू आपला, उंची आपली, क्षणही आपण निवडलेला. तरी भीती तिथेच दबा धरून बसते. दोष द्यायला दुसरे कुणी नसले, की स्वातंत्र्याचे ओझे होते.

होतकरू खेळाडूंच्या वहीत पहिल्या पानावर ध्येय लिहिलेले असते. अमुक वर्षी राज्यात पहिला, तमुक वर्षी देशात. काही वह्यांतले अक्षर मुलाचे नसते. ते ओळखू येते. दुसऱ्याच्या अक्षरातले ध्येय घेऊन खेळणारे मूल एका पराभवात दोनदा हरते: एकदा कोर्टवर, एकदा घरी.

मोठे ध्येय सोयीचे असते. ते हुकले तर ड्रॉ कठीण होता, वारा होता, पंच चुकले. छोट्या ध्येयाला अशा पळवाटा नसतात. दुसऱ्या सर्व्हिसला हात आखडायचा नाही, एवढेच ठरवले, तर ते पाळले की नाही हे एकाच माणसाला ठाऊक असते. माणसे मोठी ध्येये नेहमी धाडसानेच धरतात असे नाही. पुष्कळदा ती छोट्यांना भिऊन धरतात.

चिडायचे नाही, असेही काही जण ठरवतात. रागावर पहारा देणारा दिवसभर रागाच्याच सोबतीत राहतो. मनाला मनाई पुरत नाही. त्याला काम लागते. मोठ्या स्पर्धांत दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात. तेवढ्यात नेटकडे पाठ करायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या, श्वास सोडायचा, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवायचे आणि मगच बेसलाइनवर यायचे. तारा बहुधा आधीच सरळ असतात. तरी बोटे फिरतात. ज्याच्या हाताला काम आहे, त्याचे मन कमी भटकते.

२०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररने स्वतःचा हिशेब मांडला. एकेरीचे १,५२६ सामने. त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकले. गुण मात्र ५४ टक्केच. एवढी थोर कारकीर्द निम्म्याहून चार टक्क्यांच्या अंतरावर उभी होती. प्रत्येक गुणाचे सुतक पाळणाऱ्याला सामना खेळायला उसंत मिळत नाही.

त्याच फेडररने २०१९च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविचपेक्षा १४ गुण जास्त मिळवले. दोन मॅच पॉइंटही त्याच्या हाती आले होते. तो हरला. अधिक मिळवणारा जिंकतोच, असे नाही. या खेळात तर तसा नियमही नाही. निकाल हाती नसतो हे सगळे जाणतात. ध्येय ठरवताना तेवढेच विसरतात.

सामना संपला की घरचे विचारतात, काय झालं? या प्रश्नाला आकड्याखेरीज उत्तर नसते. मागे पडल्यावर किती वेळा घाई केलीस, असे विचारणारे घर विरळा. मुलाचे मन घडते ते उपदेशाने कमी, त्याला रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाने अधिक.

हात न आखडता मारलेली सर्व्हिसही कधी बाहेर जाते. तेव्हा ध्येय साधलेले असते आणि गुण गेलेला असतो. फलकावर गुणच दिसतो. या दोन जमाखर्चांची सरमिसळ होऊ न देणे, हाच मनाचा कणखरपणा. गुणांचा जमाखर्च जग चोख ठेवते. ध्येयाचा ज्याचा त्याला ठेवावा लागतो, आणि तो तपासायला कुणी येत नाही.