विवशतेची सवलत आणि आपली जबाबदारी

7 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात, 57 वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांच्या छातीत डुकराचे हृदय बसविण्यात आले. शस्त्रक्रिया डॉ. बार्टली ग्रिफिथ यांनी केली. ज्यांच्या दीर्घ संशोधनावर ती उभी होती ते डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन हे कराचीच्या डाऊ वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले मुस्लिम शास्त्रज्ञ आहेत. बेनेट त्यानंतर दोन महिने जगले. पुढे 2024 पासून अमेरिकेत डुकराची मूत्रपिंडेही जिवंत रुग्णांना बसविण्यात आली. त्यांतील एक रुग्ण 130 दिवस, तर दुसरा 271 दिवस अशा मूत्रपिंडावर राहिला. त्यानंतर ते काढून टाकावे लागले. हा उपचार अजून प्रयोगावस्थेत आहे. परंतु तो ज्या गतीने पुढे सरकत आहे ती पाहता, त्याविषयीचा प्रश्न आपल्याही घरांत विचारला जाईल, हे उघड आहे. अन्य मार्ग उरला नसेल, तर मुसलमानाने डुकराचा अवयव स्वीकारावा काय?

या प्रश्नाला दोन झटपट उत्तरे ऐकू येतात. पहिले : डुक्कर हराम आहे, पुढे बोलणेच नको. दुसरे : जीव वाचतो ना, मग सर्व काही माफ. ही दोन्ही उत्तरे शरीअतच्या समतोलाला सोडून आहेत.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते, जी माणसाच्या पेशींवर नसते. मानवी रक्तातील प्रतिपिंडे ती शर्करा ओळखतात आणि परका अवयव काही मिनिटांत वा तासांत निकामी करतात. म्हणून शास्त्रज्ञांनी डुकराच्या जनुकांतच फेरफार केला. बेनेट यांना दिलेल्या हृदयासाठी असे 10 फेरफार करण्यात आले होते : डुकराची 4 जनुके निष्क्रिय केली गेली आणि 6 मानवी जनुके त्यात घातली गेली. माकडाऐवजी डुक्कर निवडले जाते, याचे कारण त्याचे अवयव आकाराने माणसाच्या अवयवांशी जुळतात आणि त्याची पैदास लवकर होते.

काहींचे म्हणणे असे की, इतके बदल झाल्यावर ते डुक्करच राहत नाही. फुकहांनी ‘इस्तिहाला’ म्हणजे मूळ स्वरूपाचे संपूर्ण रूपांतर मान्य केले आहे. मद्याचा सिरका झाला की त्याचा हुकूम बदलतो, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु हजारो जनुकांपैकी दहा बदलल्याने प्राणी बदलत नाही. तो डुकरिणीच्या पोटी जन्मतो, डुक्कर म्हणूनच वाढतो. नाव बदलून हुकूम बदलण्याची ही वाट प्रामाणिक नाही. प्रश्न सोडवायचा असेल तर तो हराम मानूनच सोडवावा लागेल.

आणि शरीअतने तो मार्ग ठेवला आहे. सूरह अल-बकराच्या 173व्या आयतीत मृत जनावर, रक्त आणि डुकराचे मांस निषिद्ध ठरविल्यानंतर लगेच विवश माणसासाठी सवलत आली आहे. मात्र तिला दोन अटी जोडल्या आहेत : त्याच्या मनात त्या वस्तूची इच्छा नसावी आणि त्याने गरजेची सीमा ओलांडू नये. ही आयत अन्नाविषयी आहे. फुकहांनी तिच्यातील तत्त्व उपचारालाही लावले. उपचाराबाबत हजरत अरफजा (रजि.) यांची हदीसही आहे. युद्धात त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे नाक लावले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले, जरी सोने पुरुषांना निषिद्ध आहे. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अनुज्ञेय वस्तू वापरून पाहिली गेली. ती अपुरी ठरली, तेव्हाच सवलत आली.

याच आधारांवर फुकहांनी विवशतेच्या अटी सांगितल्या. धोका खरा असावा, कल्पित नव्हे. हलाल पर्याय उपलब्ध नसावा. लाभाची सबळ आशा असावी आणि ती जाणकार, विश्वासू वैद्याने सांगितलेली असावी. सवलत गरजेपुरतीच घ्यावी.

हे माप लावले की एकाच शब्दात उत्तर देता येत नाही, हे कळते. हृदय पूर्णतः निकामी झालेल्या रुग्णापाशी वेळ थोडा असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसचा आधार असतो, मग तो कितीही कष्टाचा असो. दोघांची विवशता सारखी नाही. हृदयाची झडप बदलताना डुकराची झडप कित्येक दशकांपासून वापरली जाते. परंतु गाईच्या हृदयावरणापासून बनविलेली आणि धातूची, अशा झडपाही आहेत. तेथे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना पर्याय विचारणे हे आपले कर्तव्य ठरते. याउलट, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढतात. रुग्ण अत्यवस्थ असताना त्या इंजेक्शनसाठी फतव्याची वाट पाहत बसणे हे दीनदारीचे लक्षण नव्हे.

लाभाच्या अटीचे महत्त्वही आपल्या देशाने पाहिले आहे. 1997 मध्ये गुवाहाटीजवळ डॉ. धनीराम बरुआ यांनी एका तरुणाला डुकराचे हृदय बसविले. रुग्ण आठवडाभरात दगावला आणि 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली. रुग्णाची असहायता हा प्रयोगाचा परवाना नसतो. बुडत्याला काडीचा आधार वाटतो; म्हणून काडी विकणाऱ्यावर जबाबदारी अधिक असते.

इथपर्यंतचा विचार अनेकजण मान्य करतील. परंतु ‘पर्याय उपलब्ध नसावा’ ही अट आपण वाचतो तेव्हा पर्याय म्हणजे औषध, यंत्र वा दुसरे रुग्णालय एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शास्त्रज्ञ डुकराकडे का वळले? मानवी अवयव पुरेसे मिळत नाहीत म्हणून. भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. म्हणजे ज्या विवशतेचा आपण आधार घेऊ पाहतो, ती काही अंशी माणसांच्या हातून घडलेली आहे.

अवयवदानाविषयी उलमांत मतभेद आहेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये काही अटींसह त्याला अनुमती दिली. उपखंडातील मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) आणि इतर अनेक हनफी उलमांनी मात्र विरोध केला. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, या आशयाची हदीस त्यांच्या समोर होती. हनफी फिकहमध्ये मानवी अंगाचा वापर त्याच्या प्रतिष्ठेमुळे निषिद्ध आहे, तर डुकराचा त्याच्या अपवित्रतेमुळे. दोन्ही मनाई आहेत, पण त्यांची मुळे वेगळी. म्हणून जो प्रामाणिकपणे पहिल्या मनाईवर ठाम आहे, त्याच्यापुढे डुकराच्या अवयवाचा प्रश्न विवशतेचा प्रश्न म्हणूनच उभा राहतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. या मतभेदात प्रत्येकाने आपल्या विश्वासू मुफ्तींकडून मार्गदर्शन घ्यावे.

परंतु मतभेदाचा आदर करणे वेगळे आणि त्याआड लपणे वेगळे. दान देण्याची वेळ आली की मनाईचे मत, आणि घेण्याची वेळ आली की अनुमतीचे मत, हा फिकह नव्हे; ही सोय आहे. ज्या घरात भावांनी साधी तपासणीही करून घेतलेली नाही आणि जे दान जायजही मानते, त्या घराने ‘दुसरा मार्गच नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि जेव्हा दान होते, तेव्हा ते कोण करते? आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. त्याग स्वेच्छेने झाला तर तो ईसार आहे, ज्याची प्रशंसा कुरआनने अन्सारांच्या संदर्भात केली. सुनेला वा बहिणीला नकार देण्याची सोयच ठेवली नाही, तर त्याला ईसार म्हणता येणार नाही.

130 दिवस डुकराच्या मूत्रपिंडावर राहिलेल्या त्या रुग्ण म्हणजे अलाबामा राज्यातील टोवाना लूनी. त्यांनी 1999 मध्ये स्वतःचे एक मूत्रपिंड आपल्या आईला दिले होते. पुढे गरोदरपणातील गुंतागुंतीमुळे उरलेले मूत्रपिंड बिघडले, आणि त्यांच्या शरीराला जुळणारा मानवी अवयव मिळेना. त्या आपल्या धर्माच्या नाहीत. परंतु विवशता कशाला म्हणतात हे त्यांच्याकडे पाहून समजते. आपल्याकडून देता येईल ते देऊन झाले होते, सर्व वाटा पाहून झाल्या होत्या, आणि मग त्या त्या दाराशी आल्या.

म्हणून घरात असा प्रसंग येण्याआधीच काही गोष्टी बोलून ठेवाव्यात. अवयवदानाबाबत आपण कोणते मत मानतो, ते आज, निरोगीपणी ठरवावे. आणि तेच मत देताना व घेताना पाळावे. कोणाकडून अवयव मागायचा असेल तर प्रथम पुरुषांनी आपली तपासणी करून घ्यावी. कुणी नकार दिला तर त्याला दोष देऊ नये. मधुमेह आणि रक्तदाब यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, तेव्हा त्यांची वेळीच काळजी घेणे हाही अमानतीचा भाग समजावा. हे सर्व करूनही जर कोणी अखेरीस विवश झाला, तर त्याला सवलत घेताना लाज वाटण्याचे कारण नाही, आणि त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. त्याच आयतीच्या अखेरीस अल्लाहच्या क्षमेचा आणि दयेचा उल्लेख आला आहे.

अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा देवो आणि निरोगी असताना आपले कर्तव्य ओळखण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.